न मोडलेला नियम

“मॅडम, शनिवारी मी दारू प्यायलो. नियम मोडला. लिहून घ्या,” असं म्हणून बारक्या मान खाली घालून बसला.

परिवीक्षा अधिकारी असलेल्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. आज त्याच्या देखरेखीचा शेवटचा दिवस होता. एक सही झाली की कोर्टाचा ससेमिरा सुटला. दुसरा कुणी उड्या मारत गेला असता, आणि हा शहाणा आपणहून लोढणं गळ्यात अडकवून घेत होता!

“कधी प्यायलास?”

“संध्याकाळी.”

“संध्याकाळी मी वर्कशॉपमध्ये डोकावले होते. तू पंपात डोकं खुपसून बसला होतास.”

बारक्याचं खोटं पकडलं गेलं. एके काळी तो कुठल्याही खिडकीतून आत सरकायचा, म्हणून हे नाव पडलं. आता पोट सुटलं होतं. चोरी सुटली ती काही उपदेशाने नव्हे, उपदेश त्याने पोतंभर ऐकले होते. मॅडमनी उंबरठे झिजवून त्याला पंपदुरुस्तीचं काम मिळवून दिलं. न सांगता येऊन बघून गेल्या. दर सोमवारी विचारलं, कुणाशी बोललास, कशाचा राग आला, मग काय केलंस. सख्ख्या भावाने दार लावून घेतल्यापासून असं विचारणारं दुसरं माणूसच उरलं नव्हतं. मॅडमना सांगावं लागेल, या धाकाने त्याने कितीदा तरी हात आवरला होता. धाक कसला, जीव लागला होता त्याचा.

“मग खोटं बोललो म्हणून मुदत वाढवा,” तो म्हणाला.

मॅडमना आधी हसू आलं, मग गलबलून आलं. पण नियम त्यांनाही होते. फाइल बंद झाली की येणं-जाणं बंद, बाहेर बाकावर दुसरी माणसं खोळंबलीत, हे त्यांनी त्याला समजावलं. आता त्याला त्यांची गरज उरली नाही, असंही म्हणाल्या.

“गरज नसेल, मॅडम. पण सोमवारी मी जाऊ कुठं?”

मॅडमनी पेन उचललं. त्यांनी सही केली.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी खोलीचं दार वाजलं. मॅडमच असतील, या वेड्या आशेने तो धावला. दारात चोरीच्या दिवसांतला जोडीदार उभा होता. तरीही बारक्याला आनंदच झाला. त्याच्या खोलीचा जिना चढून कुणीतरी आलं होतं! त्याने घाईघाईने दोन कप चहा टाकला. एकदा कुत्रा मागे लागून दोघे गटारात पडले होते, ते आठवून पोट धरधरून हसले. मग जोडीदार मुद्द्यावर आला. एक बंद घर होतं. फक्त खिडकी उघडून द्यायची.

नाही म्हटलं की हाही जाणार, हे बारक्याला लख्ख कळलं.

“मला नाही जमायचं,” तो म्हणाला. “तू बस ना. चहा तरी पी.”

“चहा प्यायला नाही आलो मी,” म्हणत जोडीदार उठला आणि जिना उतरून गेला.

बारक्याने आपला चहा संपवला, आणि समोरचा कप ओढून गार झालेला तोही प्यायला.