बिनहाताची खुर्ची आणि गिरिजाबाईंचे गुडघे

मी एक जुनी, बाभळीच्या लाकडाची खुर्ची आहे. मित्रांनो, बाभूळ ही चिवट जात. बसणारा थकतो, आम्ही नाही. तामलवाडीच्या सुताराने मला घडवलं तेव्हा मला दोन हात होते. उजवा एका ग्रामसभेत, चर्चा रंगात आली असता, तुटला. डावा मग समानतेसाठी काढण्यात आला. बिनहाताच्या खुर्चीवर कोणी साहेब बसत नाही, म्हणून माझी रवानगी दवाखान्याच्या कोपऱ्यात झाली. तिथे मी बरीच वर्षं जुन्या फायलींना मांडीवर घेतलं.

मग महेश्वरी सिस्टर आल्या. मला पुसून म्हणाल्या, "अशीच पाहिजे होती!" हाताचा आधार न घेता माणूस किती वेळा उठतो, यावरून त्या म्हाताऱ्या माणसांच्या मांड्यांतला जोर तपासत.

एके सकाळी सत्तरीच्या गिरिजाबाई आल्या. सोबत त्यांचा मुलगा रणधीर.

"सिस्टर, आता तुमीच सांगा हिला. उकिडवं बसून धार काढती आन् खांबाला धरून उठती. परवा पडता पडता वाचली. मी म्हैसच इकून टाकतो."

"चंद्री माझ्या हाताबिगर पान्हवत न्हाय," गिरिजाबाई म्हणाल्या.

सिस्टरांनी उंची मोजली. जुन्या कार्डापेक्षा दीड इंच कमी.

"टेप सैल पडलाय तुमचा."

"टेप नाही, मावशी. वयानं मणके दबतात, हाडं विरळ होतात."

त्यांनी गुडघ्यावर तळहात ठेवून पाय वाकवला. करकर झाली. मग माझी पाळी. "हात छातीवर घ्या. पाच वेळा उठा."

गिरिजाबाई दोनदा उठल्या. तिसऱ्यांदा माझ्यावरच आदळल्या.

"बघा!" रणधीर म्हणाला.

"बघितलं. पण जोर या वयातही कमावता येतो. रोज दोन वेळा उठबस करायची, जवळ कोणीतरी थांबायचं. धार काढायला उंच पाट घ्या. महिनाभर म्हैस विकायची नाही."

महिन्याने गिरिजाबाई आल्या त्या पदर खोचूनच. एक, दोन, तीन. चौथ्या वेळी माझा एक मागचा पाय खिळखिळा झाला आणि त्या डुलल्या.

"डुलली!" रणधीर ओरडला.

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर! मी फक्त उरलेले तीन पाय फरशीत रोवले. गिरिजाबाईंनी दात आवळले आणि पाचव्यांदा ताठ उठल्या.

सिस्टरांनी वाकून मला हलवलं. "मावशी नाही डुलल्या. खुर्ची डुलली."

गिरिजाबाई मुलाकडे वळल्या. "मंग आता हिला बी इकतो का रं?"

रणधीर वाकून माझा पाय चाचपू लागला. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या सांध्यात पाचर ठोकली. चंद्री गोठ्यातच आहे; दूध कोण काढतं, हे सांगायला नको.

तेव्हा मित्रांनो, जे करकरतं ते लगेच मोडीत काढू नका. आज आजीजवळ उभे राहा आणि तिला बिनहाताने उठायला सांगा. खुर्ची डुलली तर पाचर मारा. आजी डुलली तर सिस्टरांकडे आणा. मी इथेच आहे, चारही पायांवर.