सोडलेले चाळीस हजार

बनाबाईंनी बँकेच्या पायरीवर पदरानं तळपाय पुसले नि मगच आत पाऊल टाकलं. लेकीचं शिक्षणाचं कर्ज फिटेस्तोवर पायात काही घालायचं नाही, असं त्या अंबाबाईपुढं बोलून बसल्या होत्या. त्याला तीन वर्षं झाली. आज मात्र काखेतल्या पिशवीत नव्या चपला होत्या.

नवरा आजारात गेला, त्या वर्षी दहा हप्ते थकले. आता बँकेचं पत्र आलं होतं : मुदतीआधी एकरकमी भरा, चाळीस हजार सोडतो. शिरोलीच्या कारखान्यातल्या पगारातून लेकीनं, तेजस्वीनं, ते सोडून उरणारी रक्कम साठवली होती.

"देवीच पावली," बनाबाई पुटपुटल्या.

साहेबांनी कागद पुढं सरकवला. तेजस्वीनं पेन उचललं, मग थांबली.

"सर, माझ्या रेकॉर्डला काय लिहून येणार?"

"सेटल्ड. तडजोडीनं मिटवलं, असं."

"म्हणजे पुरतं फेडलं नाही."

"तसंच धरतात," साहेबांचा आवाज उतरला. "पुढं कुठंही कर्ज मागा, ते दिसणार. बरीच वर्षं. थकलेले हप्ते तसेही दिसतील; पण सगळं भरलंत, तर खातं पूर्ण फेडून बंद, असं येईल."

तेजस्वीनं पेन खाली ठेवलं.

"अगं, चाळीस हजार हायत!" बनाबाईंना राहवेना. "भाजीवाली वरचं सोडती, ते घेतोच की आपण."

"पुढच्या वर्षी आदर्शला कॉलेजसाठी कर्ज लागणार, आई. भावाच्या अर्जावर सही माझीच असणार की."

"मग आनि किती दिस?"

"आठ महिने." तेजस्वीची नजर आईच्या भेगाळल्या टाचांवर गेली नि तिथंच राहिली. ती हळूच म्हणाली, "मी चौथीत होते. तुझ्या व्रताचे सोळातले अकरा शुक्रवार झालेले, नि चुकून आमटीतली चिंच तोंडात गेली. कुणी बघितलंबी न्हवतं. तरी पुन्हा पहिल्यापासनं धरलंस."

बनाबाईंनी तो कागद उचलला, नीट घडी घातली आणि साहेबांपुढं ठेवला.

"आज हाय तेवढं भरून घ्या, सायेब. ऱ्हायलेलं हप्त्यानं भरंल ती."

बाहेर मे महिन्याचं ऊन डांबरावर पसरलं होतं. पायरी उतरताना तेजस्वीच्या सँडलचा पट्टा पुन्हा निसटला. ती वाकून त्याला सेफ्टी पिन लावू लागली. बनाबाईंनी पिशवीतल्या चपला काढून तिच्यापुढं ठेवल्या.

"घाल."

"आई, या तुझ्यासाठी..."

"घाल म्हंते न्हवं! आठ म्हयन्यांनी मला दुसऱ्या घे. लाल गोंड्याच्या. आनि भाव करू नको त्येचा."

एवढं बोलून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि रस्त्यावर पाऊल टाकलं.