वाचनालयासमोरचा वड

वाचनालयासमोरचा वड रोज दिवेलागणीला तीळभर आखूड होत होता. वैजयंती खोत नवे दिवे निवडायला आली, तेव्हा तो तिच्या खांद्याला लागत होता. बागेचे माळी गफूरचाचाही तेवढेच उरले होते. तीस वर्षं रोज तेच दिवे लावत आले, म्हणून झाडाबरोबर तेही कमी होत गेले.

"हे पाचशे वॅटचे हॅलोजन," ते म्हणाले. "यांची भूक मोठी. वीज पुरत नाही, मग झाड खातात."

"मग तुम्ही लांब का नाही गेलात?"

"त्याला एकट्याला सोडून?"

वैजयंतीने हॅलोजन उतरवले आणि पेटीतून पहिला एलईडी काढला. बारा वॅटचा, पांढराफेक. तो लागताच वड सपाट होऊन कागदासारखा भिंतीला चिकटला. चाचांची एक बाजू फडफडू लागली.

"गार आहे हा," ते म्हणाले.

तिने घाईने तो काढला. आठ वॅटचा, पसरट झोताचा लावला. त्याचा सगळा उजेड आभाळात गेला आणि मागोमाग वाचनालयाची गच्चीही वर निघाली. खिडकीतून एक वाचक म्हणाला, "जरा सावकाश." तिने तोही काढला.

एवढ्यात वड तुळशीएवढा झाला होता. चाचांचा आवाज गवतातून आला.

"बाई, जमेल तेवढं करा. तुम्ही आलात, हेच खूप."

इतके बंगले, इतक्या बागा तिने उजळल्या; झाडापाशी कोण राहतं, हे तिने कधीच विचारलं नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली. पाच वॅटचा, उबदार पिवळा, अरुंद झोताचा दिवा तिने निवडला आणि बुंध्याकडे वळवून मातीत रोवला.

वडाने श्वास घेतला. एक पारंबी सुटली, मग दहा. चाचा गवतातून उठले, तिच्या कमरेला आले, खांद्याला आले, आणि थांबलेच नाहीत. फांद्यांनी कुंपण भरलं, वाचनालय भरलं, रस्ता भरला. वैजयंतीला उभं राहायला दोन पावलांची जागा उरली.

"चाचा, पुरे का?" तिने हाक दिली.

"बेटी, तुझे फार उपकार झाले," आवाज खूप वरून आला. "पण इथे अंधार आहे गं. अजून एक आहे का, छोटासा?"

पेटीत तीन वॅटचा एकच उरला होता.

पानं बाजूला झाली. अंगणाएवढा एक तळहात सावकाश खाली आला आणि तिच्यापुढे टेकला. वैजयंतीने चपला काढल्या, दिवा पदरात धरला आणि त्यावर पाऊल ठेवलं.