उचलायचं नाही

वाकोल्याच्या प्रबुद्ध तायडेने सहा वर्षं लोकांची बिऱ्हाडं हलवण्याचं काम केलं होतं. कपाट पाठीवर घेऊन तो तीन मजले सहज चढायचा. मग बहिणीचा पाय मोडला, तिला पुन्हा चालतं करणारी माणसं त्याने जवळून पाहिली, आणि सत्ताविसाव्या वर्षी गड्याने फिजिओथेरपी सहायकाच्या कोर्सला नाव घातलं.

प्रॅक्टिकलसाठी त्याला अंधेरीच्या एका रुग्णालयात पाठवलं. तिथे शिकवायला क्षमा मॅडम. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, “त्या श्यामकांतकाकांना खुर्चीत बसव.” काका निवृत्त पोस्टमास्तर, वजन ब्याण्णव किलो, खुब्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झालेला. प्रबुद्धने त्यांना अलगद उचललं आणि खुर्चीत ठेवलं.

“वा,” काका खूश झाले. “आता रोज मला हाच पाहिजे.”

मॅडमनी त्याला बाहेर घेतलं. “फ्रिज आहेत का रे ते? खुब्याला झटका बसला असता म्हणजे? उठायचं त्यांनी. तू नुसतं सोबत राहायचं.”

पण काकांना चटक लागली होती. “तू उचल, नाहीतर मी हलत नाही,” म्हणून ते अडून बसले. चार दिवस प्रबुद्ध विनवत राहिला. पाचव्या दिवशी मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळूनच तो आला.

“मुरगळलंय, काका. उचलणं जमायचं नाही.”

“माझ्यामुळे?” काकांचा चेहरा उतरला. वॉकर धरून, कण्हत कण्हत, ते आपले आपण उभे राहिले.

संध्याकाळी माधुरीकाकू नवऱ्याला भेटायला आल्या, त्या प्रबुद्धच्या मनगटाला चोळायला तेलाची बाटली घेऊन. काकांनी फोन करून मागवली होती. बाटली हातात घेताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मनगटाला काहीच झालेलं नाही, हे त्याने तिथल्या तिथे काकांना सांगून टाकलं.

काका ओरडले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दोन दिवस बोलणं बंद, उठणंही बंद.

“पेशंटशी खोटं बोललास, तर तुझ्या भरवशावर उभं कोण राहील?” मॅडम एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी तो काकांच्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसला. “काका, मला नुसतं उचलता येतं. माणसाला उठवायचं कसं, ते अजून शिकतोय. तुम्ही उठलात तर शिकेन.”

काकांनी तोंड त्याच्याकडे वळवलं. “नेमकं वर्मावर बोट ठेवलंस हां,” ते पुटपुटले. “लाव तो पट्टा.”

प्रबुद्धने त्यांच्या कमरेला चालताना मागून धरायचा पट्टा बांधला. काका उठले. एक पाऊल, मग दुसरं. प्रबुद्धचे हात शिवशिवत होते, पण पट्टा नुसता धरून तो मागून चालत राहिला. अकरा पावलांनी दार आलं. काका धापा टाकत थांबले आणि त्यांनी वळून पलंगाकडे पाहिलं.

“आता परत कसं जायचं?”

“आलात तसंच.”

“भलताच हट्टी आहेस,” काका म्हणाले आणि हसत हसत त्यांनी वॉकर वळवला.