गोळ्या कोणी भरवल्या

पडद्यावर आधी नुसतं कपाळ दिसलं. मग कोणीतरी खुर्ची उंच केली आणि चार वर्षांची मुलगी दिसली. स्वेटर दुसऱ्याच कोणाचा तरी, बाह्या दोनदा दुमडलेल्या, गुंड्या खालीवर लागलेल्या. त्या नीट लावायला दुभाषी बाईचा हात आपसूक उचलला गेला आणि पडद्याच्या काचेला लागला.

"लाडीगोडीनं घ्या," साहेब म्हणाले. "पोर बिथरलं की संपलं."

साहेब अमली पदार्थविरोधी पथकाचे. तीन दिवसांपूर्वी या मुलीच्या आईला विमानतळावर त्यांनीच हेरलं होतं. अमली पदार्थ भरलेल्या सत्तर गोळ्या गिळून निघाली होती. अडवलं मात्र नाही. पलीकडच्या देशातल्या पोलिसांशी तसं ठरलं होतं: बाईला जाऊ द्यायचं, माल घ्यायला कोण येतं ते बघायचं. विमान उतरायला तासभर असताना पोटातली एक गोळी फुटली. बाई बसल्या जागीच गेली. शेजारी पोर खिडकीतून ढग बघत होतं.

"घरचं कोणी यात नसेल, तर उद्या हिला आजीकडे पाठवतात," साहेब दाराकडे जात म्हणाले. "असेल, तर तिकडचंच अनाथालय. आपली गाडी म्हातारीच्या गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. मी बाहेर फोनवर आहे. नाव निघालं की हाक मारा."

पलीकडे मुलीशेजारी तिथला अधिकारी बसला होता. विरळ केसांचा, मऊ आवाजाचा. मुलीची भाषा त्याला येत नव्हती.

"जेवलीस का गं बाळा?" दुभाषी बाईनं विचारलं.

मुलगी दचकली. तीन दिवसांत तिच्याशी तिच्या भाषेत कोणी बोललंच नव्हतं. ती खुर्चीवरून घसरली, पडद्यामागे डोकावून आली.

"मावशी, तू कुठे बसलीयेस?"

"लांब आहे गं मी. पण तू दिसतेस हं मला."

"मग ये ना. आईला उठव. हे नुसते हसतात."

बाईनं ते अधिकाऱ्याला सांगितलं. त्यानं मान हलवली. "विचारा, आईला गोळ्या कोणी भरवल्या?"

बाईनं आवाज अगदी हलका केला. "आई मोठ्या मोठ्या गोळ्या खात होती ना? कोण देत होतं?"

"आजी!" मुलगी खुलली. "आईला उलटी यायची, तर आजी पाठीवरून हात फिरवायची. म्हणायची, शहाणी माझी ती, एकच राहिली. खोटं! खूप होत्या. आणि पाणी मी देत होते."

"बाहेरचे कोणी काका होते का गं? नीट आठव."

"सांगितलं ना! आजीच."

बाईनं चष्मा पुसला. अधिकाऱ्याला म्हणाली, "एक बाई होती म्हणते. ओळखीची नव्हती."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं नाही. पेनाला टोपण लावलं.

"तुमच्या भाषेतला एकच शब्द मला येतो," तो म्हणाला. "आल्यापासून ही तोच ओरडतेय. आमच्या नर्सनं त्याचा अर्थ शोधून भिंतीवर लावलाय. आत्ता तो मी तीनदा ऐकला: आजी. साहेबांना तुम्ही बोलावता, की मी बोलावू?"

साहेब आले. ऐकलं. फोनवर म्हणाले, "उचला म्हातारीला." मग बाईकडे वळले. "तुमचं पोर पाळणाघरात असतं ना? संध्याकाळी त्याला घ्यायला जायचंय ना? मग हुशारी नको."

मुलगी पडद्याला नाक लावून उभी होती. "मावशी, मी सगळं सांगितलं. आता आजी येणार ना मला न्यायला?"

बाईनं तेही सांगितलं.

"हो म्हणा," अधिकारी म्हणाला. "अजून चौदा फोटो ओळखून घ्यायचेत."

बाईनं पुन्हा चष्मा काढला.

"म्हणा की," साहेब म्हणाले. "नाहीतर दुसरी दुभाषी बसवतो. ती म्हणेल."

मुलगी वाट बघत होती. ओठाचा कोपरा थरथरायला लागला होता.

"हो गं सोन्या," दुभाषी बाई म्हणाली. "निघालीय आजी. तोवर फोटो बघूया?"

मुलगी टुणकन खुर्चीवर चढली, मांडी घालून बसली. अधिकाऱ्यानं एकेक फोटो पुढे धरला.

"हा घरी येतो. हा पण. हा मला बिस्किटं आणतो." तिचं बोट थांबेना. "अजून दाखवायला सांग ना, मावशी. पटपट."

बाईनं सांगितलं.