खाटेखालची आपत्ती

२०२२ साल होतं, पोळा तोंडावर आला होता, आणि ललित गुरुजी शाळेच्या ओट्यावर उतरवलेली हिरवी पत्र्याची पेटी उघडून आत डोकावत होते. डोकावले तसेच मागे सरले. झाकण त्यांनी असं आपटलं की व्हरांड्यातल्या चिमण्या उडाल्या.

“आशाताई, ही पेटी इथे नको.”

“पण गुरुजी, तापीला पूर आला तर सगळं गाव शाळेतच येणार. मग पेटी शाळेतच पाहिजे ना?”

“पेटीला माझी हरकत नाही,” गुरुजी आवाज खाली आणून म्हणाले. “आतल्या वस्तूंना आहे. उद्या एखाद्या पोराने विचारलं, गुरुजी हे काय, तर मी काय फळ्यावर लिहून दाखवू?”

रुपाने पेटीची कडी लावली. गावाची आशाताई म्हणून तिला लागून फार दिवस झाले नव्हते. घरात भांडून, सासऱ्याचा अबोला सोसून तिने हे काम मिळवलं होतं. पुरात पीठ, डाळ आणि ताडपत्री पुरवली की झालं, असं सरकार आजवर समजत होतं. त्या वर्षी कुणाला तरी सुचलं, की पाणी चढलं म्हणून बायकांची बाळंतपणं थांबत नाहीत, पाळी थांबत नाही, आणि नवरे तर मुळीच थांबत नाहीत. म्हणून ही पेटी. आत बाळंतपणाच्या तयार पिशव्या होत्या: मेणकापड, साबण, ब्लेड, नाळेला बांधायचा दोरा. पॅड होते, गोळ्या होत्या, निरोधची पाकिटं होती. तालुक्याच्या साहेबांनी पेटी देताना रुपाला एकच बजावलं होतं. आपत्ती जाहीर झाल्याशिवाय पेटी उघडायची नाही, आणि आतलं काही कमी झालं तर आशाताईचं काम गेलं म्हणून समजा.

शाळा गेली. ग्रामपंचायतीत दिवसभर पत्त्यांचा डाव चाले. तिथे ठेवली असती तर पेटीवरच पत्ते पडले असते. उरलं मारुतीचं देऊळ. गावातली सगळ्यांत उंच जागा. रुपाने सरपंच लोटन आप्पांना विचारलं, तर आप्पांनी दोन्ही कानांना हात लावले.

“हाई पेटी मारुतीना जोडे ठेवू? आशा, येडी व्हयनी का तू? तो बालब्रह्मचारी शे!”

“पेटी बंद राही ना, आप्पा.”

“बंद राही. पन आत काय शे ते त्याले ठाऊक पडीच ना!”

शेवटी पेटी धनुबाईंच्या घरी गेली. त्यांच्या घराचा ओटा उंच होता, हे एक. आणि धनुबाई धनुबाई होत्या, हे दुसरं. गावात सगळे त्यांना मोठी माय म्हणत आणि लांबून जात. नळावर एखादी पोरगी हसली की त्या विचारत, “काय वं, दात देखाडी ऱ्हायनी का?” नव्या सुना त्यांच्या दारावरून जाताना मोबाईल पदराखाली घेत. नवरा जाऊन वर्षं झाली होती, मुलगा सुरतेला होता, घरात त्या एकट्या. त्यांच्या घरातल्या वस्तूला हात लावायची छाती गावात कुणाची नव्हती.

“काय शे हाई?” पेटीकडे नवी सून पाहावी तसं पाहत त्यांनी विचारलं.

“बाळंतपणनं सामान, मोठी माय.”

“आनि?”

रुपाने पदर सारखा केला. “आनि बाया बाहेर बसतस तवयनं.”

“आनि?”

“आनि... ज्यासले बाळंतपण नको, त्यासनं.”

धनुबाईंनी दार लोटून घेतलं. बाहेर कुणीतरी खोकलं. मग त्यांनी पायाने खाटेखालचे कांदे बाजूला सारले. “ठेव खाले.”

सरकारी कुलूप त्यांना आवडलं नाही. त्यांनी आपलं पितळेचं लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. त्या रात्री रुपा निवांत झोपली.

वर्षभर पेटीचा प्रश्न आला नाही. पावसाळा बेताचाच गेला, तापी आपल्या पात्रात राहिली. रुपा दारोदार जायची, लसीकरणाच्या तारखा सांगायची. गोळ्या हव्यात का, असं हळूच विचारायची. बायका नको म्हणून मान हलवत. रुपाच्या दारात एखादी उभी राहिली, की समोरच्या चार दारांतून माना बाहेर येत. तेव्हा तिच्याकडे कुणी फिरकत नसे.

एक मात्र तिच्या लक्षात आलं होतं. मोठी माय मवाळ झाली होती. बायका तिच्याकडे विरजण मागायला जाऊ लागल्या होत्या. दुपारी कामं उरकली की कुणी ना कुणी वाटी घेऊन त्या उंच ओट्यावर चढे आणि वाटीवर पदर धरून खाली उतरे. लोटन आप्पांची सून ममता लग्न होऊन नुकतीच आली होती, पोलीस भरतीसाठी पहाटे शेताच्या बांधाने पळायची. तीसुद्धा जाई. अगदी आप्पांची बायको नानीबाईसुद्धा. रुपाला बरं वाटे. म्हातारपणी माणूस देतं होतं, असं ती नवऱ्याला म्हणालीदेखील.

पुढच्या वर्षी, पाऊस पडायच्या आधी, पुराची रंगीत तालीम ठरली. तालुक्याचे साहेब आले, त्यांच्याबरोबर नवापूरकडच्या डॉक्टर एस्तेर गावित आल्या. देवळाच्या भोंग्यावरून आप्पांनी पूर आल्याचं सांगितलं. बायका लुगडी सावरत शाळेत येऊन भिंतीला लागून बसल्या. कडक उन्हात पूर आल्यामुळे सगळ्यांना घाम फुटला होता.

“आता बायकांची पेटी आणा,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

आप्पा आणि त्यांचा मुलगा पेटी घेऊन आले. मागून काठी टेकत धनुबाई.

“हाई त बरीच हलकी लागी ऱ्हायनी,” आप्पा पेटी ठेवता ठेवता म्हणाले.

धनुबाईंनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. डॉक्टरबाईंनी झाकण उचललं.

बाळंतपणाच्या पिशव्या होत्या तशा होत्या, एकीलाही हात लागलेला नव्हता. बाकी पेटी रिकामी. पॅड नाहीत, गोळ्या नाहीत, पाकीट एक नाही. मोकळ्या जागेत जुन्या लुगड्यांच्या धुऊन वाळवलेल्या घड्या होत्या, आणि घरंगळत गेलेला एक कांदा.

 रुपाने खिडकीचा गज धरला.

“आशाताई,” साहेब म्हणाले, “आपत्ती जाहीर झाली नव्हती. पेटी कशी उघडली? हे सगळं गेलं कुठे? तुम्हाला मी सांगितलं होतं ना?”

भिंतीला बसलेल्या बायका एकदम जमिनीकडे पाहू लागल्या. सगळ्या एकाच ठिकाणी. ममताने पदर नाकापर्यंत ओढला.

“तिले काय इचारस?” धनुबाई म्हणाल्या. “चावी मन्हाजोडे व्हती. मी वापरं.”

“काय वापरलं, आजी?”

“समदं.”

साहेबांनी पेटीकडे पाहिलं, मग धनुबाईंच्या पांढऱ्या केसांकडे. “ती... पाकिटंसुद्धा?”

“समदं म्हनं ना मी! ऐकू येत नही का रे भाऊ तुले?”

“पण आजी, तुमचं वय—”

“वय काढू नको. बाईनं वय इचारतस का?”

लोटन आप्पांना हसू आवरेना. त्यांनी मांडीवर थाप मारली. “माय वं! मोठी माय, ह्या वयमा?”

“तुले काय करनं शे, लोटन?” धनुबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. “तू आपला मारुतीले सांभाळ.”

बायकांत कुणीच हसलं नाही. धनुबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या, मान ताठ. नळावर कुणी त्यांच्या अंगावर पाण्याचा थेंब उडवला नव्हता, अशी ती बाई. आज सगळ्या गावासमोर पुरुषमाणसांनी तिच्याकडे पाहून तोंडावर रुमाल धरला होता. काठीचं टोक तेवढं फरशीवर बारीक वाजत होतं.

डॉक्टरबाईंनी भिंतीला बसलेल्या बायकांवरून सावकाश नजर फिरवली. मग झाकण लावलं.

“आजी खोटं कशाला बोलतील?” त्या साहेबांना म्हणाल्या. “मला वाटतं चूक आपली आहे. एकट्या माणसाला एवढं लागतं, तर अख्ख्या गावाला एक पेटी कशी पुरायची? पुढच्या महिन्यात दोन पाठवू.”

साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग “तालीम संपली” असं म्हणाले.

संध्याकाळी रुपा धनुबाईंच्या घरावरून गेली. गोठ्याचं दार उघडं होतं. आत कांदे पसरलेले होते. नवरा गेला त्याच साली धनुबाईंनी म्हैस विकली होती. रुपालाही ते ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या घरात दूध येई ते दुकानातल्या पिशवीतून, तेही चहापुरतं. रुपा तिथेच उभी राहिली.

“काय देखी ऱ्हायनी?” ओट्यावरून आवाज आला.

“काही नही, मोठी माय.”

“मंग जाय. स्वयंपाक कर.”

ममता दुसऱ्या वर्षी पोलीस भरतीत लागली, धुळ्याला असते. तिची मुलगी आता रांगते. डॉक्टर एस्तेर बदलून गेल्या. पूर एकदा खरंच आला, शाळेच्या पायरीपर्यंत. कापूस निंदायला डोंगरातून आलेली हिरीबाई गुरुजींच्या ऑफिसात बाळंत झाली, पिशवीतल्या सामानावर सगळं नीट पार पडलं. ललित गुरुजी त्या पोरीला “आमच्या शाळेतली सर्वांत लहान विद्यार्थिनी” म्हणतात आणि ओळख नसलेल्या माणसालाही ती गोष्ट सांगतात.

लोटन आप्पांनी म्हातारीची गंमत काही दिवस रनाळ्याच्या बाजारात रंगवून सांगितली. एका संध्याकाळी ताटात दही वाढताना नानीबाई त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. आप्पा जेवण अर्धं टाकून उठले. तो विषय त्यांच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकला नाही.

पूर येऊन गेला त्याच वर्षी हिवाळ्यात धनुबाई गेल्या, झोपेतच. पेट्या आता कुठे ठेवायच्या म्हणून बैठक बसली. मारुतीचं नाव कुणी काढायच्या आत नानीबाई दारातून म्हणाली, “आमना घर ठेवा,” आणि आप्पा खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

रुपाचं काम चालू आहे. परवा तिच्याकडे माहेरची माणसं यायची होती, कढी करायची होती, आणि मांजराने दही सांडलेलं. ती घाईघाईने वाटी घेऊन नानीबाईकडे गेली.

“थोडं विरजण द्या ना, काकू.”

नानीबाईने तिच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. “तू बी का वं?” असं म्हणून ती आत गेली, आणि वाटी पदराने नीट झाकून घेऊन आली.

रुपाने ती तशीच घरी नेली. त्या दिवशी पाहुण्यांना वरणच मिळालं.