मालक अमोस मासोंबुका

अमोस मासोंबुका मालक झाला, हे त्याला तीन महिन्यांनी कळलं.

एकवीस वर्षं तो हेनी ब्रिट्सचा ट्रक चालवत होता. ब्रिट्सची माणसं वीज केंद्रातल्या बॉयलरखालची राख काढत. अमोस त्यांना सकाळी वस्तीतून न्यायचा आणि संध्याकाळी आणून सोडायचा. एक दिवस तो यार्डात आला, तर रंगारी ट्रकच्या दारावरचं 'ब्रिट्स' खरवडून तिथे 'मासोंबुका क्लीनिंग' लिहीत होता.

"साहेब, हे काय?"

"अरे, वीज कंपनी आता काळ्या मालकांना आधी काम देते. कागदावर एक्कावन्न टक्के तुझे." ब्रिट्सने पाठीवर थाप मारली. "जानेवारीत सह्या केल्यास ना, त्याच त्या. पगार वाढवतो तुझा. तू गाडी चालव, बाकीचं मी बघतो."

घरी बायको लिनाह आधी हसली. "अहो, मालक लोक असे धुळीने माखून येतात होय?" पण वीज कंपनीने हॉटेलात बोलावून अमोसला नवउद्योजकाचं प्रमाणपत्र दिलं, तेव्हा तिनेच ते काचेत बसवून घेतलं. आणि सकाळी ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसणारा लुंगेलो रोज चिडवायचा, "मालक, खड्डा जपून! गाडी तुमचीच आहे." सगळे हसायचे. अमोसही हसायचा, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही.

जूनमध्ये वीज कंपनीकडून रेफिल्वे नावाची मुलगी आली. अशा नव्या मालकांना मदत करायची, हेच तिचं काम. ब्रिट्सला काही कागद आणायला पाठवून तिने यार्डातल्या ऑफिसचं दार लोटून घेतलं.

"बाबा, खरं सांगा. दर कोण ठरवतं? माणसं कोण ठेवतं?"

अमोसने खिडकीतून पाहिलं. ब्रिट्स परत येत होता. अमोसच्या डोळ्यांपुढे घराचं नवं छप्पर आलं, लिनाहची औषधं आली.

"मीच," तो म्हणाला. "सगळं मीच."

"कोणी धाक घालत असेल तर तेही सांगा. तुम्हाला खरंच उभं करायचंय आम्हाला. यंत्रं देऊ, शिकवू."

"मीच म्हटलं ना, पोरी."

तिने ते लिहून घेतलं.

ऑगस्ट म्हणजे तिथला ऐन हिवाळा; कडाक्याच्या थंडीत विजेची मागणी वाढली. नेमकी तेव्हाच एका बॉयलरखाली राख साठते त्या मोठ्या नरसाळ्यात ती थिजून बसली. बंद केलेला बॉयलर दोन दिवस निवू द्यायचा, मगच खाली माणूस जायचा, असा नियम. ब्रिट्स दुसऱ्याच सकाळी कागद घेऊन ट्रकच्या खिडकीशी आला.

"सही कर."

"काय आहे?"

"नेहमीचंच."

अमोसने कागद स्टिअरिंगवर ठेवून सही केली. सव्वादहाला वरची राख सुटली. ती आतून अजून लालच होती. खाली लुंगेलो होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो जिवंत होता, हेच सगळ्यांत वाईट. दुपारपर्यंत तो गेला.

"कागदावर सही कोणाची आहे?" ब्रिट्सने विचारलं. त्याचा आवाज चढलाही नव्हता. "बॉयलर निवलाय, मी तपासलाय, असं मालकाने लिहून दिलंय. मी तर इथला सल्लागार. तोंड उघडलंस तर आधी तू आत जाशील, अमोस."

शनिवारी माती झाली. शवपेटी खाली सोडल्यावर पुरुष पाळीपाळीने फावडं घेऊन माती लोटू लागले. अमोसची पाळी आली. त्याने हात पुढे केला. लुंगेलोच्या मामाने फावडं त्याच्या समोरून नेऊन पलीकडच्या माणसाच्या हातात दिलं.

"मालकांनी कशाला हात मळवायचे?" मामा म्हणाला.

कोणीच हसलं नाही.

सोमवारी सकाळी अमोस रेफिल्वेच्या ऑफिसात गेला आणि उभ्यानेच सगळं बोलून मोकळा झाला. तिने जूनमधली नोंद काढून पुढ्यात ठेवली.

"जूनमध्ये का नाही बोललात?"

"भ्यालो."

"तेव्हा बोलला असतात तर मी काम थांबवलं असतं, बाबा."

"ठाऊक आहे."

"आता तुमच्यावरही गुन्हा दाखल होईल. आणि मी तुमच्या शब्दावर विश्वास कसा ठेवला, हे मलाही विचारतील."

"लिही," अमोस म्हणाला.

कंपनीने काम काढून घेतलं. अडतीस माणसं घरी बसली. त्यांच्या बायका नळावर लिनाहला पाहिलं की बोलणं थांबवू लागल्या. ब्रिट्सने मोठा वकील दिला. त्याचा खटला तारखांवर तारखा घेत राहिला. अमोसने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. तुरुंगवास टळला, पण गाडी चालवायला त्याला पुन्हा कोणी ठेवलं नाही. "लवकर बोलला असतास तर लुंगेलो वाचला असता, आणि बोललाच नसतास तर आमची चूल तरी पेटली असती," असं एकाने तोंडावर सुनावलं.

नोव्हेंबरात लुंगेलोची बायको खबोनिना अमोसच्या फाटकाशी आली. अंगावर अजून सुतकाचे काळे कपडे होते. लिनाहने धावत खुर्ची आणली, पण ती बसली नाही.

"बॉयलर निवलाय का, हे विचारलंत का तुम्ही?"

"नाही."

"वाचलंत?"

"नाही. इंग्रजीत होतं. पण मी विचारायला हवं होतं. तो माझ्याच शेजारी बसला होता."

खबोनिनाने मान हलवली. "बाकी सगळे म्हणतात, आम्हाला काही ठाऊकच नव्हतं. ते साहेब, ते कंपनीवाले. तुम्ही तरी चूक कबूल केलीत." मग जरा थांबून म्हणाली, "म्हणून तुम्हाला माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

ती गेली. अमोस फाटक धरून उभा राहिला. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावरही त्याला आत जाववेना.